दोर टाकू नका

झेंडूच्या माळेला शिडाचा धागा वापरायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ येईल असं कुणाला वाटलंही नसेल.

खंडेनवमीला आमच्या नल्लकुंट्याच्या घरात शिलाई मशीन, विळी, स्कूटर आणि नामदेवरावांची कारखान्यातली मापाची पट्टी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि झेंडूची माळ पडते. नामदेवराव म्हणजे माझे यजमान. सत्त्याण्णव सालच्या नवमीला ते माळा ओवत बसले होते आणि मधेच सुताचं रीळ संपलं. मी माझ्या टोपलीतलं मेणवलेलं पांढरं रीळ त्यांच्यापुढं सरकवलं.

"ह्यानं ओवा. बैलानं ओढला तरी तुटायचा नाही."

"झेंडूला बैल कशाला ओढायलाय?" ते म्हणाले, पण ओवली.

त्यातली एक माळ मी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पिशवीत घालून हुसेनसागर तळ्यावर नेली आणि होडीला बांधली. पुढं जे झालं ते त्या माळेनं झालं आणि माळ माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजावत बसायला नको.

मी ब्लाउज शिवते. शिकवलं कुणीच नाही. लग्नानंतर आईचा एक जुना ब्लाउज उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि कडेनं पेन्सिल फिरवली, एवढीच माझी शाळा. वीस वर्षं बरकतपुऱ्यापासून विद्यानगरपर्यंतच्या बायका माझ्या शिवणीत लग्नांना गेल्या, तिरुपतीला गेल्या, दोघीतिघी तर अमेरिकेलाही गेल्या. मी मशीनपाशी होते.

मग एक दिवस खादरभाई आले. तळ्यावरच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात ते होड्या सांभाळायचे. साठीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, हातात चादरीसारखं गुंडाळलेलं काहीतरी. त्या वर्षांत बाहेरचा माल देशात यायला मोकळीक झाली होती. गल्लीत गच्चीगच्चीवर टीव्हीच्या ताटल्या उगवल्या होत्या, आमच्या मुलासारखी पोरं अमीरपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला रांगा लावत होती, आणि क्लबात दोन नव्या परदेशी कॅटमरान आल्या होत्या. होड्या आल्या, पण त्यांची शिडं शिवणारं माणूस काही त्यांच्याबरोबर आलं नव्हतं.

"भाबी, ये फट गया," खादरभाई म्हणाले. "बंबई भेजे तो दो महिने. तुम सी देते क्या?"

मी कापड हातात घेतलं. कागदासारखं करकरीत, पण कागदासारखं फाटणारं नव्हे. शिवण तिरकी होती, दुहेरी, वळणावळणाची. मी तिथल्या तिथं ती उसवून बघितली नाही एवढंच.

"देते. पण हे कुठं लावतात ते आधी दाखवा."

"दिखाते ना. उसमें क्या है."

तसं सुरू झालं. कॅटमरान म्हणजे दोन लांब पोकळ पोटं, मधे ताणून बसवलेली जाळी, जाळीवर माणसं आणि मधोमध दोन मजली घराएवढी डोलकाठी. खादरभाई तिला नुसतं जोडी म्हणायचे. पहिल्या दिवशी मी साडीत बसले. दुसऱ्या दिवशी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सलवार-कुर्ता घातला. नामदेवरावांनी पेपर खाली केला, बघितलं, पेपर वर केला आणि पेपराच्या मागून म्हणाले, "खिसे आहेत का त्याला?"

"आहेत."

"मग चांगलं आहे."

मजुरी म्हणून मी शिकवणी मागितली. खादरभाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी शीड शिवणाऱ्याला शीड चालवता यायला हवं, इतकं ते सरळ होतं. दोर एका हातात, सुकाणूची दांडी दुसऱ्या हातात. दोर ओढला की शीड ताठ होतं, सोडला की सैल. मधे एक दातेरी चाप असतो, दोर त्यात अडकवला की हाताला विसावा.

"पर भूलना नक्को भाबी," ते रोज सांगायचे. "हवा जोर की आई तो दोर छोड दो. हवा से लडना नक्को. पकडके बैठे तो जोडी उलटती."

सोडून देणं मला जड गेलं, बाकी काही नाही. वारा मला लवकर कळला. शिडाला डोलकाठीजवळ उभी चुणी पडली की दोर कमी ओढलाय, मागच्या काठाला फुगा आला की जास्त. बगलेत चुणी पडली की बाही चुकली, हे मी वीस वर्षं बघत आलेली. क्लबातली माणसं वाऱ्यासाठी झेंड्याकडं बघायची, मी कापडाकडं बघायची.

दोन वर्षं असं चाललं. आणि मग पुण्याहून अविनाश आले.

हायटेकवाल्या एका कंपनीत मोठे साहेब, वय तेहतीस, क्लबाचे नवे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता. पहिल्या भेटीत मला "मावशी" म्हणाले आणि मी हरखून गेले, की परक्या गावात बहिणीचा मुलगा भेटला. पुण्यात मावशी म्हणजे भांडी घासायला येते ती, हे मला त्यांच्या बायकोनं, गौरीनं, नंतर सांगितलं. सांगताना तिचेच कान लाल झाले होते. मी म्हटलं, भांडी मी पण घासते, त्यात काय. पण त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहोच करायला लागले, म्हणजे त्यांना काकूशिवाय दुसरं काही म्हणताच येईना.

अविनाशनी नियमांची पाच पानं टाइप करून फळ्यावर लावली. ज्याच्याकडं पिवळं कार्ड, त्यानंच होडी न्यायची. कार्डासाठी परीक्षा: तळ्याच्या मधोमध उभ्या बुद्धाच्या मूर्तीला वळसा घालून यायचं, मग धक्क्यासमोर होडी मुद्दाम आडवी पाडायची आणि दहा मिनिटांत सुलटी करायची. परीक्षा चालू असताना बचावाच्या होडीचा दोर घेतला की नापास. आणि शेवटच्या पानावर खाली: दिवाळीनंतर परीक्षेला फक्त सभासद आणि त्यांच्या घरचे बसतील.

मी सभासद नव्हते. होण्यासारखी माझी ऐपत नव्हती आणि ओळखही नव्हती. म्हणजे दसऱ्याची परीक्षा ही माझी पहिली आणि शेवटची. त्यात कार्ड मिळालं तर जोडी माझ्या नावावर पाण्यात जाणार. नाही मिळालं तर मी शेडमधे, सुई घेऊन, दुसऱ्यांची शिडं मांडीवर.

"काकू, तुमचा वाटा क्लबला माहीत आहे," अविनाश म्हणाले होते. "शेडमध्ये तुम्हाला नवीन मशीन देऊ. चांगलं इंपोर्टेड."

"मशीन आहे मला."

"म्हणजे, होडीची रिस्क कशाला या वयात?"

"मग कोणत्या वयात?"

ते हसले. मी हसले नाही. मी पाच पानं डिक्शनरी घेऊन वाचली होती, दोनदा.

परीक्षेला जोडीदार लागतो. माझ्या हाताखाली बसायला क्लबातला एकही पुरुष तयार होईना. कुणाची पाठ दुखत होती, कुणाकडं दसऱ्याचे पाहुणे. शेवटी गौरी म्हणाली, "मी येते. मला कार्ड-बिर्ड नको, पण घरी बसून अविचं स्टॉपवॉच ऐकण्यापेक्षा बरं."

"भ्यायची तर नाहीस?"

"भिईन ना. पण शांतपणे भिईन."

अशी आम्ही निघालो. निघण्याआधी मी माळ काढली. मशीनला आपण माळ घालतो ती चाकाला, जे फिरतं त्याला. स्कूटरची हँडलला. होडीवर फिरतं काय, तर दोराची पुली. तिथंच तो दातेरी चाप. मी माळ तिथं दोन वेढे देऊन बांधली, कुंकवाचं बोट लावलं, नमस्कार केला. खादरभाईंनी लांबून बघितलं आणि मान डोलावली. त्यांना वाटलं, सुताची असेल.

बचावाची मोटरबोट आमच्या मागं होती. ती खादरभाई चालवत होते, अविनाश पुढं फाइल आणि घड्याळ घेऊन, आणि मधल्या फळीवर नामदेवराव. त्यांना खादरभाईंनी बसवून घेतलं होतं. नारिंगी लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत बांधून ते लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ बसले होते.

ऑक्टोबरचा वारा बेभरवशाचा. जाताना इतका पडेल की आम्ही दोघी जाळीवर बसून भाजीवाल्यासारख्या वाट बघत राहिलो. बुद्धाला वळसा घातला. गौरी म्हणाली, "काकू, हे तर सोपं आहे." आणि तेवढ्यात टँकबंडच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या रस्त्याच्या, बाजूनं काळं आलं. परतीच्या पावसाचा ढग, त्याच्यापुढं पाण्यावर सुरकुत्यांचा पट्टा धावत आला. मी बघितला. काय करायचं ते मला माहीत होतं. दोर वर झटकला, की चापातून सुटावा.

सुटला नाही.

परत झटकला. चापाच्या दातांत झेंडूचा चोथा आणि चोथ्यात माझा पांढरा धागा गुंडाळून बसला होता. साधं सूत असतं तर पहिल्याच झटक्याला तुटलं असतं. वाऱ्याकडचं पोट पाण्यातून उचललं, आधी हातभर, मग माणूसभर. गौरी म्हणाली, "काकू?" अगदी हळू, फोन उचलल्यासारखी. आणि आम्ही गेलो.

हुसेनसागरचं पाणी ज्यानं लांबून हुंगलंय त्याला ते तोंडात गेल्यावर कसं लागतं हे मी सांगणार नाही. वर आले तेव्हा जोडी आडवी पडली होती. एक पोट पाण्यात, एक आभाळात, शीड पाण्यावर पसरलेलं. इथं जे करायचं ते खादरभाईंनी शंभरदा सांगितलं होतं, की वरच्या पोटाला लटकू नका, खालच्यावर उभे राहा. आणि मी काय केलं? जे हाताला लागलं ते धरलं. मला सोडायची सवयच नाही. मी वरच्या बाजूच्या जाळीला लटकले, गौरी माझ्या शेजारी, आणि आमच्या दोघींच्या वजनानं जोडी हळूहळू, अगदी रीतसर, पूर्ण पालथी झाली. डोलकाठी सरळ खाली गेली आणि थांबली. ते मला जाणवलं. सुई गादीत घुसून बसावी तसं. तळाच्या गाळात शेंडा रुतला होता.

मोटरबोट आली. अविनाश उभे राहिले होते. त्यांचा आवाज घड्याळातून काढल्यासारखा एरवी, तो आता फाटला होता.

"गौरी, आर यू ओके? काकू, हात वर करा, दोर टाकतोय."

"दोर टाकू नका," मी म्हटलं.

"काकू, ती पालथी आहे पूर्ण. मास्ट गाळात आहे. ह्यातून कुणी दोराशिवाय काढत नाही."

"पान तीन बघा. दोर घेतला की नापास."

"परीक्षा गेली खड्ड्यात. माझी बायको पाण्यात आहे."

ते खरंच होतं. मी गौरीकडं बघितलं. तिच्या कपाळावर शेवाळ आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं.

"अवि, तुझ्या बायकोनं जॅकेट घातलंय," ती म्हणाली. "तू बोट मागे घे. आमच्यावर लाटा येतायत."

"गौरी, डोंट बी सिली."

"तू दोर टाकलास ना, तर तो धरणार कोण? मी धरणार नाही, काकू धरणार नाहीत. काय माशांसाठी टाकतोस?"

अविनाश दोर घ्यायला वळले. दोराच्या वेटोळ्यावर नामदेवराव बसले होते. मधल्या फळीवरून उठून कधी तिथं गेले, कुणाला दिसलं नाही.

"काका, जरा उठता का?"

"हौ, उठतो," नामदेवराव म्हणाले आणि बसून राहिले.

मला हे त्यांचं बसणं माहीत होतं. कारखान्यात स्वेच्छेनं निवृत्त व्हायचे कागद फिरत होते. रोज एक साहेब यायचा, समोर कागद ठेवायचा आणि गोड बोलायचा. हे महिनाभर त्या कागदावर जेवणाचा डबा ठेवून बसले होते. भांडण नाही, नकार नाही. नुसतं "हौ, बघतो."

"काका, प्लीज."

"हौ. गुडघा धरलाय. दोन मिनिटं द्या."

मी पालथ्या जोडीवर चढले आणि गौरीला वर ओढलं. एका पोटाच्या मागच्या टोकाला दोघींनी उभं राहायचं, ते टोक दाबायचं, म्हणजे दुसरं पोट उचलतं आणि जोडी निदान आडवी होते. दाबलं. उचललं नाही. जाळीखालून घातलेला मोठा दोर दोघींनी धरून मागं रेललो. गाळानं धरून ठेवलं होतं, गाईनं वैरण धरावी तसं. सोडला, परत रेललो. दहा मिनिटं तिथंच संपली. पंधरा झाली. माझे तळवे सोलले. गौरी म्हणाली, "काकू, आपण चुकतोय कुठंतरी." मी म्हटलं, "चुकतोय. कुठं ते सांग." तिलाही माहीत नव्हतं.

तेव्हा मोटरबोटीत खादरभाई एकाएकी नामदेवरावांशी गप्पा मारायला लागले, अर्ध्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"साब, हवा किधर से आरी मालूम? बंड के तरफ से आरी. पीठ पे हवा लेके खिंचे तो हवा नीचे दबाती. हवा को मूं देके खिंचे तो हवा ऐच उठाती. है ना साब?"

"खादरभाई, परीक्षेत सूचना द्यायच्या नाहीत," अविनाश म्हणाले.

"मैं तो साब को बता रा हूं. ये नये हैं."

"हौ, मी नवा आहे," नामदेवराव म्हणाले. "आणखी सांगा."

आम्ही पाठीवर वारा घेऊन ओढत होतो. इतका वेळ. मी गौरीला दुसऱ्या पोटावर घेऊन गेले, तोंड टँकबंडकडं, आणि दोघी रेललो. लगेच काही झालं नाही. पण आता झटके द्यायचे नाहीत हे मला सुचलं. ओली शिवण झटक्यानं उसवत नाही, कापड फाटतं. धरून राहायचं. धरून राहणं तर मला येत होतं. आम्ही दोराला लटकून तशाच राहिलो. गौरी आकडे मोजत होती. दोनशेच्या पुढं कधीतरी खाली काहीतरी सैल झालं, बुडबुडे आले, घाणेरडा काळा वास आला, आणि डोलकाठी तिरपी होत वर यायला लागली. आधी आडवी. मग वारा शिडाखाली शिरला आणि जोडी उभी राहिली, इतकी पटकन की आम्ही दोघी मागं पाण्यात पडलो.

डोलकाठीच्या शेंड्यावर काथ्या, सुतळी आणि वाकलेली बांबूची कामटी लटकत होती. महिन्याभरापूर्वी बुडवलेल्या कुठल्यातरी गणपतीचा हात असावा. तो सुटून खाली जाळीवर पडला. गौरीनं बोटं कपाळाला लावली. मी पण. मग तो पाण्यात परत सोडला. त्याच्या तारेनं शीड वीतभर फाटलं होतं. माझ्या शिवणीवर नाही, शिवणीच्या शेजारी. तेवढ्या गडबडीतही मी ते बघून घेतलं.

चापातून मी झेंडूचा चोथा नखांनी उकरून काढला आणि धागा दातांनी तोडला. बैलाला तुटला नसता, पण दातांना तुटतो. आम्ही जोडी वळवली आणि धक्क्याकडं आलो. धक्क्यावर लोक होते, दसऱ्याचे नवे कपडे घातलेले, पोरं आपट्याची पानं वाटत फिरत होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी दोर हातात धरून जोडी धक्क्यापासून तीस हातांवर थांबवली. मोटरबोट बाजूला आली.

अविनाशच्या तोंडावर राग नव्हता. थकवा होता. त्यांनी गौरीकडं बघितलं, मग फाइलकडं.

"काकू, खरं सांगतो, मी असं काही बघितलेलं नाही. हॅट्स ऑफ. पण एक्केचाळीस मिनिटं झाली. नियम दहाचा आहे."

"दोर घेतला नाही."

"नाही घेतला. मी लिहिलंय तसं. पण टाइममध्ये नाही बसत. आणि ती माळ तुम्ही बांधली होती का पुलीवर?"

"मीच."

"मग ती पण चूकच ना. होडीची तयारी ही चालवणाऱ्याची जबाबदारी."

"हौ. माझीच चूक. शंभर टक्के."

इतक्या सहज मी कबूल केलं की ते गोंधळले. त्यांनी चूक सिद्ध करायची तयारी ठेवली होती बहुतेक.

"तर मग पुढच्या वेळी..." ते म्हणाले आणि थांबले. पुढची वेळ नव्हती. ते त्यांनीच टाइप केलं होतं, शेवटच्या पानावर खाली.

"अविनाशराव," मी म्हटलं, "पान तीन परत वाचा. बुद्धाला वळसा घालून आल्यावर, धक्क्यासमोर, चालवणाऱ्यानं मुद्दाम होडी आडवी पाडायची. तिथून दहा मिनिटं. मगाचं ते धक्क्यासमोर नव्हतं आणि मुद्दाम तर नव्हतंच. तो अपघात. परीक्षेतलं पडणं अजून व्हायचंय."

"काकू, तुम्ही दोघी दमलेल्या आहात. हात बघा तुमचे."

"हात कार्डावर लिहायचे नाहीत."

"शीड फाटलंय."

"मी शिवलंय ते. किती ताण घेईल मला माहीत."

ते गौरीकडं वळले. "तू तरी सांग त्यांना."

गौरीनं केस पिळले. तिचे ओठ निळे पडले होते. पाच मिनिटं आधी तिला विचारलं असतं तर ती उतरली असती, असं ती मला पुढं कधीतरी म्हणाली. पण आत्ता ती म्हणाली, "नियम तूच लिहिलेत, अवि. वाच की."

खादरभाई सिगारेट शिलगावत होते. ती त्यांनी कानावर ठेवली. नामदेवराव परत दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसले.

मी तळ्याकडं बघितलं. धक्क्यासमोर थोडं डावीकडं पाणी खोल आहे, पूर्वी तिथून नाला वाहायचा असं खादरभाई सांगायचे. वारा अजून बंडावरूनच येत होता, पण मगासारखा वेडा नाही. जोडी तिथं नेली. गौरीला म्हटलं, "ह्या वेळी काही धरायचं नाही. आडवी झाली की सोडून दे. पोहत खालच्या पोटापाशी."

"तुम्ही सोडाल?"

"सोडीन."

"नक्की?"

"बघ तू."

दोर मी जितका येईल तितका ओढला आणि ह्या वेळी जाणूनबुजून चापात अडकवला. शीड ताठ झालं, इतकं ताठ की त्यावर एक चुणी उरली नाही. असं बसलेलं कापड मी वीस वर्षांत कुणाच्या अंगावर बघितलं नाही. वाऱ्याकडचं पोट उठलं. हातभर. माणूसभर. धक्क्यावरचा एक माणूस ओरडला, "अरे अरे, गिरी, गिरी." मी त्याच्याकडं बघून मान हलवली, की हौ, पडतेय. आणि पाडली.

पाण्यात पडल्या-पडल्या हात जाळीकडं गेले. त्यांचे ते गेले. मी ते मागं घेतले. एवढंच काम त्या दिवशी अवघड होतं, बाकी सगळी हमाली. पोहत फिरले. गौरी माझ्या आधी पोचली होती. चाप मोकळा केला, दोर सैल सुटला. दोघी खालच्या पोटावर उभ्या राहिलो, घोट्यापर्यंत पाणी, तोंडावर वारा, पाठीमागं अख्खं शहर दसरा करत होतं. मोठा दोर धरला. डोलकाठी पाण्यावर तरंगत पडली होती, कपडे वाळत घालायच्या काठीसारखी आज्ञाधारक. रेललो. झटका नाही. वाऱ्यानं शिडाची कड उचलली, पाणी ओघळलं, फाटलेल्या भोकातून जरा जास्तच ओघळलं, आणि जोडी उठली. वरचं पोट धप्पकन शेजारी पाण्यात बसलं. मी जाळीवर ओणवी पडले आणि गौरीला बखोटीनं वर घेतलं.

मी सुकाणूची दांडी धरली. शिडातून पाणी टपकत होतं.

"टाइम बोला," मी म्हटलं.

अविनाश घड्याळाकडं बघत होते. ते घड्याळ नव्या कंपनीचं होतं, फार अचूक, ते सगळ्यांना दाखवायचे. आता ते त्यांनी नामदेवरावांपुढं धरलं, जणू स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही.

नामदेवरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मापाच्या पट्टीला बघतात तसं एक डोळा बारीक करून बघितलं.

"चार मिनिटं," ते म्हणाले. "वर दहा सेकंद. हे दहा सेकंद पण लिहा, साहेब. तिला नंतर वेळ कमी लिहिल्याचा आळ नको."

अविनाशनी फाइलमधून पिवळं कार्ड काढलं. पेनाचं टोपण तोंडात धरून नाव लिहिलं, पूर्ण, भाग्यलक्ष्मी नामदेवराव, आणि आडनावाचं स्पेलिंग मला विचारलं. मी सांगितलं. सही केली. मोटरबोट जवळ घेऊन त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं आणि मग हात थोडा मागं घेतला.

"आत्ता देऊ की वर आल्यावर? तुमचे हात ओले आहेत. शाई पसरेल."

"पसरू द्या," मी म्हटलं, आणि कार्ड घेतलं.

गौरीला विचारलं, धक्क्यावर सोडू का. ती म्हणाली, वारा आहे तोवर नको.